कमरेएवढं, खांद्याएवढं

रबर प्लांटची कुंडी दोन्ही हातांनी धरून बाईंनी खिडकीकडे ओढली आणि त्या वाकल्या तशाच थांबल्या. कुंडीमागच्या भिंतीला मोठा खड्डा होता. गिलावा आत दबला होता आणि कडेने भेगा गेल्या होत्या. खिळा ठोकताना असं होत नाही. खड्डा बरोबर कमरेच्या उंचीवर होता.

त्या आल्या होत्या फोटो काढायला. लोकांची घरं झाडांनी सजवून द्यायची हा त्यांचा धंदा, आणि लेकीचं घर म्हणजे त्या धंद्याची शान. नवं गिऱ्हाईक आलं की त्या मोबाइल पुढे करायच्या. "हे माझ्या मुलीचं घर. बघा, नुसतं आत पाऊल टाकलं तरी मन शांत होतं." गिऱ्हाईक हरखायचं आणि बाईंची मान ताठ व्हायची. लहानपणी मातीत हात घाल म्हटलं की नाक मुरडणारी पोरगी लग्नानंतर झाडांच्या इतकी नादी लागेल, असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

एकच गोष्ट खटकायची. पोरगी झाडं भलत्याच ठिकाणी ठेवायची. नेचा अंधाऱ्या बोळात, पाम दाराआड, जिथं ऊन सोडाच, धड वारा पोचत नाही. झाडं पिवळी पडायची, बाई बदलून द्यायच्या आणि पोरगी नवं झाड पुन्हा तिथंच नेऊन ठेवायची. सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. "आई झाडं विकते आणि लेकीला साधा उजेड कळत नाही," असं त्या जावयासमोर तिला चिडवायच्या. जावईही हसायचे. मोठे गोड बोलणारे गृहस्थ. सासूबाईंना चहाचा कप स्वतः आणून द्यायचे. आज ते कामावर होते आणि मुलगी स्वयंपाकघरात, म्हणून बाईंनी विचार केला, फोटोपुरती कुंडी उजेडात घेऊ, कुणाला कळतंय.

आता त्या बोळात गेल्या आणि नेचा बाजूला केला. तिथंही भिंत फुटली होती, या वेळी खांद्याच्या उंचीवर. पाम हलवला. दाराची फळी मधोमध चिरली होती आणि कुणीतरी तिला आतून चिकटपट्टी लावली होती.

त्यांना लेकीचे फोन आठवले. "आई, कमरेएवढं एक झाड हवं होतं." "आई, खांद्याएवढं, आणि पानं दाट असू देत." त्यावर आपण खो खो हसलो होतो. "बाई गं, लोक फुलं विचारतात, रंग विचारतात. तू मेली शिंप्याकडे आल्यासारखी मापं सांगतेस!" आणि प्रत्येक वेळी मापाचं झाड निवडून, पानं पुसून, टेम्पोत घालून स्वतः आणून दिलं होतं. बाईंना स्वतःच्या हातांची किळस आली.

पदराला हात पुसत मुलगी बाहेर आली. सरकवलेल्या कुंड्या तिने पाहिल्या, आईचा चेहरा पाहिला. ती ओरडली नाही, रडलीही नाही. खाली बसून फरशीवरचा मातीचा ओरखडा बोटाने पुसायला लागली.

"कुंड्या जागेवर ठेव, आई. संध्याकाळी तो येईल."

"काय आपटलं गं त्याने भिंतीवर?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"मला."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. मग लगेच उठल्या. "बॅग भर. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. या घरात तुला एक रात्रसुद्धा ठेवणार नाही मी."

"मागच्या वर्षी बॅग भरून आले होते की तुझ्याकडे," मुलगी फरशी पुसतच म्हणाली. "तो न्यायला आला. तू त्याला जेवायला वाढलंस. निघताना त्याच्या गाडीत दोन कुंड्याही ठेवून दिल्यास. घर हिरवं असलं की माणसाचा राग निवतो, म्हणालीस."

त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या. सगळ्यांनाच म्हणायच्या. कुणाच्या घरात काय चाललंय हे न विचारता बिनधास्त सांगायचं ते एक वाक्य होतं, आणि त्याच वाक्यावर त्यांचा धंदा चालला होता. पोटच्या पोरीलाही त्यांनी तेच विकलं होतं.

आता त्यांना सगळंच बघायचं होतं. एकही कुंडी सोडायची नव्हती. त्या झोपायच्या खोलीकडे वळल्या. दाराशेजारी एक उंच, दाट झाड होतं. हे त्यांच्याकडचं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या तरी रोपवाटिकेतून आणलेलं दिसत होतं. त्याची पानं मुलीच्या डोक्यापर्यंत पोचत होती.

"ते राहू दे, आई."

बाईंनी ऐकलं नाही. सगळा जोर लावून त्यांनी कुंडी ओढली आणि डोळे मिटून घेतले. मग हळूच उघडले. भिंत स्वच्छ होती. कुठे टवका नाही, भेग नाही. त्यांनी वरपासून खालपर्यंत तळहात फिरवून पाहिला. रंग गुळगुळीत लागला. इतका वेळ कोंडलेला श्वास सुटला आणि त्यांना रडू फुटलं.

"इथं तरी काही नाही गं, बाळा! इथं काहीच नाही!"

मुलगी उठली. तिने कुंडी पुन्हा भिंतीला लावली आणि दाट पानांची बाजू पुढे येईल अशी फिरवली.

"अजून नाही," ती म्हणाली. "हे मी आधीच आणून ठेवलंय."