डोलीचा बांबू

कुडाला टेकवलेल्या डोलीच्या बांबूची दोन्ही टोकं खांद्यांनी घासून वीतभर गुळगुळीत झाली होती. धनगरवाड्यातून खालच्या रस्त्यापर्यंत आजाऱ्याला त्यावरूनच नेत. मृत्यूंची पाहणी करणाऱ्या प्रांजलने फॉर्म काढला.

“दहा वर्षांत घरातलं कोण कोण गेलं, आजी?”

“तिघं,” पारूबाई म्हणाल्या. “मालक, थोरली सून आन् तिचं बाळ.”

“मालक कुठे वारले? घरी, दवाखान्यात, की वाटेत?”

“वाटंत. जांभळीखाली. तितं खांदं बदलत्यात.”

“सूनबाई?”

“तितंच.”

“आणि बाळ?”

“पोटातच व्हतं की.”

प्रांजलने ‘दोन’ लिहिलं. “जन्मलं नसेल तर मोजता येत नाही, आजी.”

“बरं.”

दारात धाकटी सून रत्ना उभी होती. तिला आठवा महिना होता. बाळंतपणापुरतं तरी खाली दवाखान्याच्या गावी, विंझरला राहू, असं ती तिसऱ्या महिन्यापासून म्हणत होती. शेरडांना कोण बघंल, एवढंच पारूबाई विचारायच्या.

आता त्यांनी बांबूकडे पाहिलं.

“रत्ना, शेरडं इकू. तू पायानं चालतीयास तवरच खाली उतरू.”