चेहऱ्याची सुई

सकाळी साडेनऊला नर्सने न्यायमूर्ती वसुधा किरकिरे यांच्या गालांत आणि कपाळात सुया टोचल्या. आता संध्याकाळपर्यंत चेहऱ्याची रेघही हलणार नव्हती. चहा तेवढा आधीच उरकावा लागे, नाहीतर तो ओठांतून गळे.

देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात कॅमेरे आले, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. पण पुढे वाहिन्यांची यंत्रं न्यायाधीशाची नुसती भुवई हलली तरी निकाल सांगून मोकळी व्हायला लागली. सुनावणी संपायच्या आत रस्त्यावर दगड पडायला लागले, आणि मग ही सुई सक्तीची झाली.

आज भिवा तांदळेचं अपील होतं. खालच्या कोर्टाने त्याला फाशी सुनावली होती. त्याची आई कौसाबाई पहिल्या रांगेत बसली होती. कोर्टातल्या इंग्रजीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती न्यायमूर्तींच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

वसुधाताईंनी इंग्रजीत निकाल वाचला. भिवा निर्दोष होता.

ते दगडी तोंड बघून कौसाबाईने हंबरडा फोडला. "मारलं गं माझ्या लेकराला!"

वसुधाताईंनी कागद बाजूला सारले आणि कोर्टाचा रिवाज मोडून त्या मराठीत म्हणाल्या, "मावशी, रडू नका. तुमचा मुलगा सुटला."

कौसाबाईने डोळे पुसले आणि ते तोंड पुन्हा निरखलं.

"सुटला म्हणता, बाई. मग तुम्हाला बरं नाही का वाटलं?"

वसुधाताईंनी हसायचा आटोकाट प्रयत्न केला. सुई उतरायला अजून पाच तास होते.