दोन खटके

संगणकाचा पंखा फिरत होता, हिरवा दिवा लागला होता, पण पडदा काळाच. सुनेने संगणक बंद केला, पुन्हा चालू केला. मॉनिटरवर तेच दोन शब्द तरंगले, 'सिग्नल नाही', आणि विझले.

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. अकराला तिची टायपिंगची चाचणी, घरूनच, याच संगणकावर. तीन वर्षं घरात गेल्यावर आलेलं नोकरीचं पहिलं बोलावणं, आणि त्या लोकांनी साफ कळवलं होतं, वेळ चुकली तर दुसरी मिळणार नाही. त्यासाठीच परवा हा कुणाचा तरी वापरलेला संगणक घरात आला होता. परवा चालला. काल सकाळीही चालला.

सासरे दारात उभे होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. घरात काही अडलं की पहिली हाक त्यांना. आज हाक आली नाही. आली नाही म्हणून त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच लाज वाटली.

कारण आज ती आंघोळीला गेली असताना त्यांनीच संगणकाचा डबा उघडला होता. सूनबाईचं काम नव्याने सुरू होणार, आणि यंत्राने परक्या घरची धूळ पोटात घेऊन बसावं? ब्रशने, फुंकरीने त्यांनी सगळं पुसलं. मेमरीची पट्टी काढली, मऊ कापडाने पुसली आणि परत जागेवर ठेवली. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी.

"बघू का मी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नको, बाबा!" ती एकदम म्हणाली. मग आवाज उतरवून, "तुम्ही कशाला त्रास घेता. वायरच सैल असेल."

म्हातारपणाला जपते बिचारी, त्यांना वाटलं.

तिने सगळ्या वायरी काढून पुन्हा लावल्या. शेजारणीचा मॉनिटर उचलून आणला. तोही काळाच. मग तिने विकणाऱ्याला फोन लावला आणि वायरींसाठी हात मोकळे राहावेत म्हणून तो टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"ताई, माझ्याकडून निघाला तेव्हा ठणठणीत होता," तो म्हणाला. "खरं सांगा, आत कुणी हात घातला का?"

"नाही हो! आमच्या घरात कोण हात घालणार?"

तिने सासऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. आपल्यावरच्या विश्वासाने ही परक्याशी भांडते आहे, आणि आपण खांबासारखे उभे! म्हाताऱ्याच्या छातीत काटा रुतला.

"मी घातला," ते म्हणाले. "मेमरीची पट्टी काढून पुसली. ठेवली परत."

"ठेवली? आजोबा, दाबली का?"

"दाबायची कशाला? घड्याळाला जोर लावला की घड्याळ मेलं. चाळीस वर्षं हेच करत आलो."

फोनमध्ये हसू फुटलं. "अहो, घड्याळं नाजूक असतील, ही जात दांडगी आहे! वीज बंद करा. खाचेला खाच जुळवा आणि अंगठ्यांनी दाबा. दोन्ही टोकांना खट् वाजलं पाहिजे."

सुनेने प्लग काढला. सासऱ्यांनी डबा उघडून पट्टी जुळवली, अंगठे टेकवले आणि थांबले. जन्मभराचा हात ऐकेना.

"लावा जोर, बाबा," सून म्हणाली.

एका टोकाला खट्. दुसऱ्या टोकाला खट्.

तिने प्लग लावला, बटण दाबलं. पडद्यावर आधी पांढरी अक्षरं धावली, मग हळूहळू निळाई पसरली, डोंगराआडून फटफटावं तशी. अकराला पंधरा मिनिटं होती.

सून मटकन खुर्चीत बसली. हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती.

"चुकलो, पोरी," सासरे म्हणाले. "तुझं काम घालवलं असतं मी. सकाळपासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो, आणि तू माझ्यासाठी त्याच्याशी भांडलीस."

ती मान हलवत राहिली. मग कीबोर्डकडे बघत हळूच म्हणाली,

"तुमच्यासाठी कुठे, बाबा? काल दुपारी तुमचा डोळा लागला होता, तेव्हा मीही ती पट्टी काढून पुसली होती."