इस्त्री केलेलं पुस्तक

"बाहेरून आलेला कागद आधी गरम इस्त्रीखालून काढायचा," शेजारच्या नलूकाकूंनी बजावलं होतं. करोनाच्या धास्तीने आईने रेवतीच्या शाळेतून आलेल्या ब्रेल पुस्तकालाही इस्त्री केली.

"आई, पानं सपाट झालीत गं! टिंबंच लागत नाहीत." रेवतीची बोटं पुन्हापुन्हा तिथेच फिरत होती.

वाचत असलेली पोथी मांडीवर ठेवून आईने बसल्या जागेवरूनच शाळेत फोन लावला, स्पीकरवर.

"साथ चालू आहे, ताई. दुसरं पुस्तक कुठून आणू?" मुख्याध्यापक म्हणाले. "यंदा रेवतीला अभ्यासातून सूट देऊ, वरच्या वर्गात घालू."

"सूट नको, सर. इस्त्रीची चूक माझी. पण डोळस मुलं मोबाइलवर शिकतायत, तर हिनेही शिकायचं. कायद्यानेच दिलाय तो हक्क." आईचा आवाज जराही चढला नाही. "पुस्तक मिळेपर्यंत रोज फोन करीन. नेमच धरते."

"नको, तुमचे नेम ठाऊक आहेत मला," ते हसले. "जिल्ह्याच्या ब्रेल केंद्रात एक प्रत असेल, काढून ठेवायला सांगतो. पण दुपारी रस्ते बंद होतात. आत्ताच निघा."

आईने पोथीकडे पाहिलं. अध्याय अर्धा टाकून ती कधीच उठली नव्हती.

"तू जा," रेवती म्हणाली. "रोज ऐकून पाठ झालाय, उरलेला मी म्हणते. पुस्तक आणशील ना? आणि इस्त्री नाही हं करायची!"

"आणते, बाळा."

आईने मास्क बांधला. अध्याय थांबला होता तिथूनच पुढे सुरू झाला, तशी ती हळूच दार ओढून निघाली.