आपापल्या खोलीत

२०१४ साली गुलबर्ग्यात संगणकातल्या कंटेनर नावाच्या नव्या तंत्राचं प्रशिक्षण होतं. बेंगळूरहून शिकवायला आलेले प्रशांतकुमार सर मूळचे इकडचेच. त्यामुळं ओळख करून घेताना "नुसतं नाव नको, आडनाव सांगा" म्हणाले, आणि आडनाव कळल्यावरच त्यांनी मान हलवली.

मग फळ्यावर मोठा चौकोन काढून त्यात खोल्या पाडल्या. "संगणक एकच, पन प्रत्येक प्रोग्राम आपापल्या खोलीत. ह्याचं त्यात मिसळत न्हाई, त्याचं ह्याला लागत न्हाई. एकदम नवी कल्पना हाय."

दुपारपर्यंत कुणाच्या डोक्यात काही शिरेना. शेवटी वर्गातली प्रतीक्षा उठली.

"सर, हे तर आमच्या गावासारखंच की. गाव एकच, पन वस्त्या न्याऱ्या, पाणवठे न्यारे. आमच्या घागरीनं त्यांच्या हिरीला शिवायचं न्हाई."

सर घाईघाईनं म्हणाले, "तसं न्हाई ते. हितं कुनी कुनाला कमी लेखत न्हाई. खोल्या वेगळ्या ठेवायच्या त्या सगळ्यांच्याच भल्यासाठी."

 

"व्हय सर," प्रतीक्षा खाली बसत म्हणाली, "आमच्याकडंबी असंच सांगतेत."