नारिंगी पट्टा

आई भांडत नाही, यावरूनच हेमांगीला संशय आला. पक्षाघातानंतर आईच्या भावनाच विझल्या होत्या. कानामागे यंत्र बसवलं, तेव्हा कुठे ती पुन्हा रुसू-हसू लागली. वृद्धाश्रमात आल्यावर मात्र ती कशालाही नुसतं "बरं" म्हणायची.

हेमांगी श्रवणयंत्रं दुरुस्त करायची. रविवारी तिने दार लोटून घेतलं, आईच्या यंत्राचं झाकण उघडलं आणि भिंग लावलं. आत तांदळाएवढा रेझिस्टर होता. मेंदूकडे किती प्रवाह सोडायचा हे तोच ठरवतो, आणि त्याचा रोध अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून वाचता येतो. तिसरा पट्टा लाल हवा होता, पण तो नारिंगी होता. म्हणजे रोध दहापट, आणि आईपर्यंत प्रवाह जेमतेम दहावा हिस्सा.

तिने व्यवस्थापक काळसेकरबाईंना बोलावलं. "त्रास नको म्हणून गप्प केलंत ना तिला?"

काळसेकरबाईंनी यंत्र मंद करण्याचा एक अर्ज पुढे केला. खाली आईची वाकडी सही होती.

सही काय, कशीही घेता येते. हेमांगीने तो रेझिस्टर काढला आणि आपल्या पिशवीतला लाल पट्ट्याचा खाचेत बसवला.

आईने तिचा हात घट्ट धरला. "निघालीस का गं? दर रविवारी तू गेलीस की मला सोसवायचं नाही. म्हणून मीच बदलून घेतला तो. परत बसव."

"आज नाही जात मी, आई."

आईने तिच्याकडे संशयाने पाहिलं. "आणि उद्या?"