उजवीकडची बाजू

पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग सासऱ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी काढलं होतं. सुनेने त्यावरून कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल उभं केलं. “पोलादाचा ठोकळा एकच आहे. कापू का?” फोरमनने फोनवर विचारलं. तिने ड्रॉइंग पुन्हा समोर ओढलं. कागदावर उजवीकडे काढलेली बाजू झाकणाची उजवी की डावी, हे सांगणारी खूण फाटक्या कोपऱ्याबरोबर गेली होती. तिने अंदाजाने उजवी धरली होती. “थांबा,” म्हणत ती कागदासकट सासऱ्यांकडे धावली. हल्ली ते तिला ओळखत नसत. तिने उजवीकडच्या आकृतीवर बोट ठेवलं. त्यांनी कागदाची उजवी कड दुमडून भिंतीसारखी उभी केली, शेजारी काड्यापेटी ठेवली. “डावीकडून बघायचं, पलीकडच्या भिंतीवर काढायचं.” म्हणजे कागदावरची उजवीकडची बाजू झाकणाची डावी होती. “कापू नका,” तिने फोरमनला फोनवर सांगितलं. “कामाला नवीन लागलात वाटतं?” सासऱ्यांनी विचारलं. अकरा वर्षांत त्यांच्या ड्रॉइंगच्या टेबलाशी एकदाही न बसलेली सून म्हणाली, “हो. शिकवाल?”